मदत हवी आहे: आईच्या दुखण्यासाठी विजया तेल महाराष्ट्रात घरात ठेवता येतं का?

नमस्कार मंडळी,

प्रश्न आईसाठी आहे. केमो संपली, आजार सध्या आटोक्यात आहे, पण तळपायांची आणि बोटांची आग काही थांबत नाही. रात्री-अपरात्री उठून ओल्या फडक्यावर पाय ठेवून बसते. प्रीगाबालिन या नसांच्या दुखण्यावरच्या गोळीने जरा उतार पडतो, पण चक्कर येते. या वयात न्हाणीघरात पडली तर, या धास्तीने डोस वाढवता येत नाही. पुण्यातल्या एका वैद्यांनी विजया, म्हणजे भांगेच्या पानांचा अर्क असलेलं तेल पोटातून द्यायला सुचवलं आहे. कॅन्सरच्या डॉक्टरांनाही विचारलं. अगदी कमी मात्रेत, त्यांना कळवत राहून करून बघायला त्यांची हरकत नाही. (कॅन्सर बरा होतो वगैरे दावे कृपया इथे टाकू नका. तिला झोप लागावी एवढंच हवं आहे.)

अडचण कायद्याची आहे. आई कराडला दादाकडे असते आणि दादा सरकारी नोकरीत आहे. वहिनी म्हणते, ती बाटली आमच्या घरात नको, उद्या काही झालं तर नोकरी जाईल. तिची भीती मला खोटी वाटत नाही. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात माल जवळ सापडला की तो कशासाठी होता हे आपल्यालाच पटवून द्यावं लागतं.

मी वाचलं ते असं. १९८५ च्या या केंद्रीय कायद्यात चरस म्हणजे झाडाचा चीक, आणि गांजा म्हणजे फुलं-फळं आलेले शेंडे. शेंडे सोबत नसतील तर पानं आणि बिया गांजाच्या व्याख्येत येत नाहीत. म्हणूनच उत्तर प्रदेशात भांगेची परवानाधारक दुकानं उघडपणे चालतात. गांजाची अल्प मात्रा १ किलोपर्यंत धरतात, तरी तेवढ्यालाही १ वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय २०२० च्या हिरा सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की मिश्रण असेल तर सगळ्या मिश्रणाचं वजन धरायचं. म्हणजे तेलात अर्क थेंबभर असला तरी मोजताना पूर्ण बाटली.

पण अर्क पानांचाच असेल तर हा कायदा मुळात लागू नये. इथवर मला पटलं होतं. मग कुणीतरी १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याकडे (आताचा महाराष्ट्र दारूबंदी कायदा) बोट दाखवलं. नावात दारू असली तरी त्यात भांगही आहे! कलम ६६ प्रमाणे परवान्याशिवाय ती बाळगणं आणि सेवन करणं गुन्हा. गुजरातेतही असंच होतं, त्यांनी २०१७ मध्ये भांग त्यांच्या कायद्यातून वगळली. आपल्याकडे केंद्राने सोडलेलं पान राज्याने धरून ठेवलं आहे. वेदनेने तळमळणाऱ्या माणसाच्या घरच्यांनी हे सगळं शोधत बसायचं, हे मला फार अन्यायाचं वाटतं.

तर, परवाना असलेल्या कारखान्यात बनलेलं आणि वैद्यांनी लिहून दिलेलं आयुर्वेदिक औषधही या राज्यात 'भांग' धरतात का? महाराष्ट्रात हे तेल कुणी कायदेशीरपणे घेतलं आहे का? पुण्याहून कराडला एसटीने नेताना सोबत काय ठेवलंत? आणि दुसरा भाऊ बंगळूरहून कुरिअरने पाठवायचं म्हणतोय, ते करू द्यावं का?

प्रतिसाद

ताई, मी आयुर्वेदिक औषधांचं दुकान चालवतो. आधी बाटली नीट वाचा. औषध व सौंदर्यप्रसाधन कायद्याच्या नियमांत अनुसूची ई(१) आहे, त्यात आयुर्वेदातल्या विषारी द्रव्यांत भांग आणि गांजा दोन्ही येतात. त्यामुळे पोटात घ्यायच्या अशा औषधावर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' ही सूचना इंग्रजी-हिंदीत छापलेली असायला हवी. उत्पादन परवाना क्रमांक, बॅच, मुदत, आणि अर्क पानांचा असल्याचा उल्लेख, यातलं एकही नसेल तर ते घेऊच नका. 'हेम्प सीड ऑइल' वेगळं. ते बियांचं, २०२१ पासून एफएसएसएआयने (केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) खाद्यपदार्थ म्हणून मान्य केलेलं. त्यावर हे औषध समजून पैसे घालवू नका.

चिठ्ठीवर वैद्यांचा नोंदणी क्रमांक, आईंचं नाव आणि मात्रा हवी. बिल आईंच्याच नावाचं. कुरिअर नको, स्वतः जाऊन घ्या. दारूबंदी कायद्याबद्दल मात्र दुकानदाराच्या तोंडी शब्दावर राहू नका, माझ्यासुद्धा. राज्य उत्पादन शुल्क विभाग आणि एफडीए (अन्न व औषध प्रशासन), दोन्हीकडून लेखी घ्या. दादांची नोकरी असताना कागद हातात असलेला बरा.

धागाकर्ती

मनापासून आभार. बाटलीचा फोटो मागवून पाहिला. परवाना क्रमांक आणि सूचना आहे, पण 'विजया अर्क' एवढंच लिहिलंय, पानांचा की शेंड्यांचा ते नाही. कंपनीला ईमेल केला आहे. त्यांचं लेखी उत्तर येईपर्यंत विकत घेत नाही. साताऱ्याच्या राज्य उत्पादन शुल्क कार्यालयात दादाच्या नावाने नाही, आईच्या नावाने अर्ज देणार आहे, सोबत केमोचे कागद आणि वैद्यांची चिठ्ठी. असा अर्ज कुणी केला असेल तर मसुदा व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, आणि उत्तर किती दिवसांत आलं तेही सांगा.