मागवाल्याला ३ गुण की १०? कुप्पुस्वामी भरताना अडलेय

मागाशेजारी:
एम.एस्सी. नर्सिंगच्या प्रबंधासाठी इचलकरंजीत घरोघरी फॉर्म भरतेय. कुटुंबाचा सामाजिक-आर्थिक वर्ग ठरवायला कुप्पुस्वामी मोजपट्टी : कुटुंबप्रमुखाचं शिक्षण, त्याचा व्यवसाय, घराचं उत्पन्न. व्यवसायासाठी एनसीओ २०१५ (सरकारचं व्यवसायांचं वर्गीकरण) वर बेतलेली नवी यादी घेतलीय.

काल एका घरी गाडी अडली. खाली पत्र्याच्या शेडात सहा साधे यंत्रमाग, वर दोन खोल्या. काका दहावी पास. व्यवसाय विचारला तर खडखडाटात ओरडून म्हणाले, "लिवा की, कारखानदार!" आणि स्वतःच हसले. सूत व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं, ह्यांना फक्त मजुरी; म्हणजे खर्चीवाले. नोकर एकही नाही. दिवसा काका, रात्री मुलगा. माझ्याशी बोलतानाही हात तुटलेल्या धाग्यावरच.

'व्यवस्थापक' धरलं तर १० गुण, 'यंत्रचालक' धरलं तर ३. शिक्षणाचे ४, उत्पन्नाचे ४. बेरीज एकदा १८, एकदा ११. म्हणजे उच्च मध्यम किंवा कनिष्ठ मध्यम! माझे बाबा जॉबर (माग जुळवणारे-दुरुस्त करणारे) होते, मी ह्याच गल्ल्यांत वाढले, तरी पेन थांबलं.

फॉर्मवाला:
३ द्या. एनसीओ माणूस काय काम करतो ते बघतं, पाटीवर काय लिहिलंय ते नाही. दिवसभर माग चालवतो तर तो आठव्या विभागातला, यंत्रचालक. मालक आहे का, नोकर ठेवलेत का, हा वेगळा प्रश्न, त्याला वेगळा रकाना. पीएलएफएसमध्ये (सरकारचं रोजगाराचं सर्वेक्षण) नोकर न ठेवता स्वतःचा धंदा करणाऱ्याला कोड ११, कायम माणसं कामाला ठेवणाऱ्याला १२. दोन्ही एकाच रकान्यात कोंबलं की असंच होतं. 'काय करता?' विचारून थांबू नका, 'काल सकाळपासून काय काय केलंत?' विचारा.

आणि काकू काय करतात? ते तुम्ही लिहिलंच नाही.

साबणचहा:
मी बाजार-सर्वेक्षणात होतो. घरांचे वर्ग ठरवायच्या आमच्या १९८८च्या तक्त्यात धंदेवाल्यांचे नोकरांच्या संख्येवरून तुकडे होते : एकही नाही, १ ते ९, १० च्या वर. २०११ मध्ये व्यवसायच काढला आणि शिक्षणाबरोबर फ्रिज, दुचाकी वगैरे ११ वस्तू मोजायला लागलो. सोपं झालं, पण मग हप्त्यावरचा टीव्हीही माणसाला वर चढवायचा. तुमच्या कामात मात्र मोजपट्टी मध्येच बदलू नका.

मागाशेजारी:
काकू कांड्या भरतात (मागासाठी सूत गुंडाळतात), सकाळी सहापासून. मी 'गृहिणी' लिहिलंय :( त्याच म्हणाल्या तसं.

फॉर्मवाला:
त्या तसंच म्हणणार. पीएलएफएसच्या भाषेत तो कोड २१, घरच्या धंद्यात बिनपगारी मदत. कुप्पुस्वामीच्या बेरजेत त्याने काही फरक पडत नाही, तिथे प्रमुखाचाच व्यवसाय. पण तुमच्या फॉर्मात रकाना असेल तर खोडून नीट लिहा.

मागाशेजारी:
रकाना नाहीये. मार्जिनमध्ये लिहिते आणि गाईडना विचारते. आधीच्या बारा फॉर्मांत तीन 'कारखानदार' आहेत, त्यांच्याकडे उद्या परत. एकाकडे चार नोकर आहेत, पण मालकही स्वतः मागावर असतात का ते विचारलंच नव्हतं.