पिकलच्या भिंगऱ्या: कुणाच्या फुलल्या, कुणाच्या बसल्या?

अर्धी वाटी

गेल्या शनिवारी घरी १२ माणसं यायची होती. जेवणाआधी तोंडात टाकायला काहीतरी खारं, ओव्हनमधून थेट बशीत जाईल असं हवं होतं आणि माझ्या हातात जेमतेम तासभर होता. पफ पेस्ट्रीची (लोण्याच्या थरांनी पापुद्रे सुटणारं लाटलेलं पीठ) तयार शीट उलगडली, तिला क्रीम चीज फासलं, वर बारीक चिरलेली गर्किन (व्हिनेगरच्या बरणीतली ती बोटभर काकडी, या धाग्यात पिकल म्हणजे तीच) आणि मूठभर किसलेलं चेडार चीज घातलं. गुंडाळी केली, भिंगऱ्या कापल्या. पिनव्हील म्हणतात त्याला, पण मला भिंगरीच आवडतं.

विसाव्या मिनिटाला ट्रे काढला. वरून अगदी फोटो काढावा अशा. पहिलीखाली उलथनं घातलं तर वरचं चक्र उलथन्यावर आलं आणि बूड कागदालाच राहिलं, पांढरं, गिच्च. ट्रेच्या कोपऱ्यात पिवळसर पाण्याचं तळं आणि त्यावर लोण्याचे थेंब. नवरा डोकावून म्हणाला, "सूप आहे का?" शेवटी वरचे तुकडे वाट्यांत घालून चमच्याने खायला दिले. सगळे "छान आहे हं" म्हणाले. त्या 'हं'वरून काय ते कळलं.

काकडीत सुमारे ९५ टक्के पाणी असतं हे मला माहीत होतं. बरणीत मुरल्यावर ते कुठेतरी जातं, अशी उगाच समजूत करून घेतली होती. त्यामुळे चाळणीत पाच मिनिटं निथळवून मोकळी झाले.

येत्या शुक्रवारी पुन्हा माणसं येताहेत, त्यातली बरीचशी तीच. इज्जतीचा प्रश्न आहे. अनुभव सांगा; फसलेले आधी.

जुनं लाटणं

चाळणीने काकडीचं अंग कोरडं होतं, पोटातलं पाणी तसंच राहतं. मीही दोनदा अशीच फसले आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

पफ पेस्ट्री फुलते ती वाफेवर. त्यात यीस्ट नाही, सोडा नाही. पिठातलं आणि लोण्यातलं पाणी (लोण्यात साधारण १६ टक्के पाणी असतं) तापून त्याची वाफ होते, ती एकेक पापुद्रा वर उचलते आणि तेवढ्यात पापुद्रे कोरडे होऊन तिथेच ताठ होतात. काकडीने मध्येच आपलं पाणी सोडलं की खालचे पापुद्रे भाजायच्या ऐवजी उकडतात. तुमचं तेच झालंय.

मी गर्किन उभी चिरते आणि मधला बियांचा बुळबुळीत भाग छोट्या चमच्याने खरवडून काढते. सगळ्यात जास्त पाणी तिथे असतं. उरलेल्याचे मटारच्या दाण्याच्या निम्म्याएवढे तुकडे करते, पातळ सुती फडक्यात बांधते आणि पिळते. हलकं दाबून थांबायचं नाही. ओला टॉवेल पिळतो तसं, मनगट दुखेपर्यंत. मग थांबायचं, चहा ठेवायचा, पुन्हा पिळायचं. दुसऱ्या खेपेलाही पाणी येतं, दर वेळी मला नवल वाटतं. शेवटी टिश्यूवर पसरून ठेवायचं.

क्रीम चीज फ्रिजमधून काढून मऊ झालेलं हवं, नाहीतर फासताना शीट फाटते. लो फॅटवालं आणू नका, गरम झालं की तेही पाणी सोडतं. कडेला दोन सेंटिमीटर जागा मोकळी ठेवा. ओव्हन २०० अंश सेल्सिअसला आधी पूर्ण तापू द्या, आणि रंग आला म्हणून घाईने बाहेर काढू नका. एक भिंगरी उलटी करून बघा. बूड तपकिरी असेल तरच झाली.

घाईघाई

मी चिरण्याचा कंटाळा म्हणून बोटाएवढ्या अख्ख्या गर्किन्सना पेस्ट्रीची पट्टी गुंडाळली होती. दिसायला झकास. पहिल्या पाहुण्याने कचकन चावा घेतला आणि आतलं उकळतं व्हिनेगर थेट टाळूवर. बिचारा जेवणभर बर्फ चघळत बसला होता. अख्खी घालायची असेल तर निदान उभी अर्धी करा आणि बाहेर काढल्यावर दहा मिनिटं कुणालाही हात लावू देऊ नका. मुलांना तर मुळीच नको.

खारट

आमच्याकडे पाण्याने नाही, गोडाने घोटाळा केला. बरणीवर हिरव्या काकडीच्या चकत्यांचं चित्र होतं, म्हणून उचलून आणली. घरी पिळून, चीज घालून, गुंडाळून, वर मोहरी पेस्ट फासून भाजल्या. पहिली तोंडात टाकली तर दालचिनी की लवंग असलं काहीतरी, आणि साखर! ती गोड गर्किन निघाली. बहीण म्हणाली, आता यावर साखर भुरभुरव आणि जेवणानंतर दे. मी खरंच तसं केलं. चेडार असूनही दोघांनी पाककृती मागितली, तेव्हापासून माझा पाहुण्यांच्या जिभेवर विश्वास नाही.

बरणीवरची घटकांची यादी वाचा. साखर वरच्या दोन-तीन नावांत असेल तर परत ठेवा. खाऱ्या जातीच्या बरणीत शेपू असतो, बरणीच्या तळाशी त्याच्या काड्या आणि बिया दिसतात. शेपू म्हटलं की नाक मुरडणारे हीच पिकल्स मिटक्या मारत खातात, ही आपली आणखी एक गंमत.

दोन चमचे

माझा अनुभव पाण्याचा नाही, उष्णतेचा. ओव्हनच्या नव्हे, स्वयंपाकघराच्या.

आम्ही दोघं भाऊ आईच्या साठीला हे करत होतो. बाजूला दोन शेगड्या चालू, ओव्हन तापत ठेवलेला, आणि शीट ओट्यावर अर्धा तास उलगडून पडलेली. लोणी ३२ ते ३५ अंशांच्या दरम्यान वितळतं, आमचं स्वयंपाकघर त्याच्या फार मागे नव्हतं. भावाने गुंडाळी केली तेव्हाच हाताला तूपकट लागत होतं. सुरीने कापायला गेलो तर गुंडाळी दबून चपटी झाली, चीज दोन्ही टोकांनी बाहेर आलं आणि भिंगरीची झाली चप्पल. भाजल्यावर पापुद्रे नाहीतच. जाड, तेलकट बिस्किटासारखं काहीतरी.

तेव्हापासून क्रम असा: सारण आधी पूर्ण तयार, मगच शीट बाहेर. गुंडाळी झाली की कागदात घट्ट लपेटून अर्धा तास फ्रीजरमध्ये. लाकडासारखी कडक नको, दाबल्यावर जेमतेम बोट उमटावं इतपत. आणि कापायला सुरी नाही, दोरा. शिवणाचा साधा दोरा किंवा बिनवासाचा डेंटल फ्लॉस (दातांच्या फटी साफ करायचा दोरा) गुंडाळीखालून सरकवायचा, दोन्ही टोकं वर आणून एकमेकांवरून ओलांडायची आणि खेचायचं. सगळीकडून एकदम कापलं जातं, त्यामुळे दबत नाही. पहिल्यांदा जमलं तेव्हा आम्ही दोघं साठीचे असल्यासारखे खूश झालो होतो आणि आई आमच्याकडे बघत होती.

ज्यांना लोण्याची भीती वाटते त्यांच्यासाठी: मार्जरिनची (तेलापासून केलेलं लोण्यासारखं) शीट उष्णतेत जास्त तग धरते, पण खाल्ल्यावर टाळूला मेणासारखी चिकटते. मी आणत नाही.

नाकतोडा

ट्रेला ॲल्युमिनियम फॉइल लावू नका. माझ्या ट्रेवर काकडीचं आंबट-खारं पाणी उतरलं त्या जागी फॉइल काळं पडलं, दोन ठिकाणी बारीक भोकं. आम्ल आणि मीठ दोन्ही मिळून ॲल्युमिनियम खातात. बटर पेपर लावा. मेणकागद वेगळा असतो, तो ओव्हनमध्ये धूर करतो; तोही प्रयोग झालाय.

हिरवी बरणी

मी पिकल घरीच आंबवते: मीठ, पाणी, काकडी, शेपू, लसूण आणि धीर. व्हिनेगर नाही. माझ्या मावशीला कुणीतरी सांगितलं की आंबवलेलं पोटाला चांगलं, म्हणून तिने हट्टाने माझी बरणी मागून घेऊन भिंगऱ्या केल्या. मावशी, २०० अंशांच्या ओव्हनमध्ये त्या जिवाणूंचं काय होणार गं? चव राहते, जीव राहत नाही. तेवढ्यासाठी माझी सहा आठवड्यांची मेहनत भाजू नका. ओव्हनसाठी बाजारची, व्हिनेगरवालीच बरी. तिच्यात पुष्कळदा कॅल्शियम क्लोराइड घातलेलं असतं, त्याने काकडीतलं पेक्टिन (तिच्या पेशी एकत्र धरून ठेवणारा पदार्थ) घट्ट राहतं आणि भाजल्यावरही थोडा कुरकुरीतपणा उरतो. माझ्या घरच्या काकडीचा लगदा झाला होता.

भाजल्यावर हिरवा रंग आणखी मळका होतो, त्याला घाबरू नका. आंबट आणि उष्णता एकत्र आली की हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून जातं आणि रंग शेवाळी होतो. वरून ताजा शेपू भुरभुरवला की भागतं.

आळशी बेकर

एवढं पिळण्यापेक्षा काकडी नुसती बशीत ठेवा ना. मी तेच करतो. लोक खातात.

जुनं लाटणं

@आळशी बेकर, खातात हो. पण दुसऱ्या दिवशी फोन करून विचारत नाहीत.

फुगा

पफ पेस्ट्रीच्या वाटेलाच गेले नाही, मी छोटे खारे मफिन करते. त्यात बरणीतलं पाणी टाकावं लागत नाही, उलट तेच कामाला येतं. दोन कप मैदा, अर्धा चमचा खायचा सोडा, एक चमचा बेकिंग पावडर, एक अंडं, पाऊण कप दूध, पाव कप बरणीतलं पाणी, पाव कप तेल, चेडार आणि चिरलेली गर्किन. १९० अंशांना छोट्या साच्यांत १५ मिनिटांच्या आसपास.

दोन चुका माझ्या नावावर आहेत. पहिल्या वेळी सवयीने मीठ घातलं. बरणीच्या पाण्यात मीठ, चीजमध्ये मीठ, काकडीत मीठ, वरून माझं मीठ. सासरे एक मफिन आणि तीन ग्लास पाणी प्यायले. दुसऱ्या वेळी मिश्रण कालवलं आणि मैत्रिणीचा फोन आला. सोडा आणि आंबट पाणी भेटलं की वायू लगेच सुटायला लागतो, तो फोन संपायची वाट बघत नाही. चाळीस मिनिटांनी ओव्हनमध्ये घातले ते तसेच चपटे बाहेर आले. कोरडं वेगळं, ओलं वेगळं ठेवा. ओव्हन तापल्यावरच एकत्र करा आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.

खमंग

पिळा पिळा म्हणता, पण इतकं पिळल्यावर चव कुठे राहते? माझ्या भिंगऱ्या कुरकुरीत झाल्या आणि नुसत्या चीजच्या लागल्या. आता मी पिळून निघालेल्या पाण्यातलं एकच चमचाभर क्रीम चीजमध्ये घोटते, सोबत वाळवलेला शेपू आणि चिमूटभर लसूण पावडर. चीज घट्ट असल्यामुळे तेवढं पाणी धरून ठेवतं. दोन चमचे घातले की पुन्हा तळं. अर्धी वाटीताई, एकच.

तिसरी खेप

पंखेवाला ओव्हन असेल तर तापमान २० अंश कमी. एअर फ्रायरमध्ये करणार असाल तर शेवटची कड पाण्याचं बोट लावून नीट चिकटवा. माझ्या भिंगऱ्या वाऱ्याने उलगडून वर तापलेल्या जाळीला चिकटल्या होत्या.

अंडं चालत नसेल तर वरून दूध किंवा क्रीम लावा. चकाकी कमी येते, रंग येतो. फक्त कापलेल्या कडांवर ओघळू देऊ नका, पापुद्रे एकमेकांना चिकटतात आणि फुगत नाहीत.

आणि आदल्या दिवशी करा! कापून, ट्रेवर सुट्या गोठवून मग पिशवीत भरायच्या. गोठलेल्याच ओव्हनमध्ये जातात, चार-पाच मिनिटं जास्त लागतात. उरलेल्या मायक्रोवेव्हमध्ये घातल्या तर चामडं होतं. १८० अंशांना पाच मिनिटं पुरे. चीज आत आहे, तेव्हा दोन तासांहून जास्त टेबलावर पडू देऊ नका. अर्थात नीट झाल्या तर पडत नाहीत.

अर्धी वाटी

शुक्रवार झाला. हकीकत.

दोन शीट्स, ४० भिंगऱ्या. बिया खरवडल्या, चिरलं, फडक्यात बांधून पिळलं. खाली मापाचा कप ठेवला होता, कुतूहल म्हणून. पहिल्या पिळण्यात पाव कप, चहानंतरच्या पिळण्यात आणखी दोन चमचे. म्हणजे गेल्या वेळी एवढं सगळं मी स्वतःच्या हाताने पेस्ट्रीत गुंडाळलं होतं. खमंग यांचा एक चमचा क्रीम चीजला, बाकीचं सिंकमध्ये.

गुंडाळ्या रात्रीच फ्रीजरमध्ये ठेवल्या, त्या जरा जास्तच कडक झाल्या. दोरा पहिल्याच गुंडाळीत तुटला. दहा मिनिटं बाहेर ठेवल्यावर कापल्या गेल्या. दोन वेड्यावाकड्या झाल्या, त्या नवऱ्याला आधीच खायला घातल्या म्हणजे सूपवर बोलायला तोंड मोकळं राहणार नाही.

२४ मिनिटं लागली. एक उलटी करून बघितली: बूड तपकिरी, नखाने टकटक केलं तर वाजलं. कागदावर फक्त लोण्याचा डाग, पाणी नाही. थोड्या खारट झाल्या, पुढच्या वेळी चेडार कमी घालीन. गेल्या शनिवारी 'हं' म्हणालेल्यांपैकी एकीने चार खाल्ल्या आणि काही बोलली नाही, पाचवी घ्यायला हात पुढे केला.

फक्त एक शंका. पिळलेलं फडकं पांढरं होतं, त्यावर हिरवट-पिवळा डाग पडलाय. दोनदा धुतलं, जात नाही. काही उपाय?

आळशी बेकर

व्हिनेगर लावून बघा.