पद्मिनीच्या इंजिनातील टकटक : इंजिन उतरवण्यापूर्वी काय तपासावे?

प्रश्न :
नमस्कार. माझ्याकडे १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी असून तिचे १०८९ सीसीचे मूळ इंजिन अजून शाबूत आहे. पावसाळाभर गाडी उभी होती. आता सुरू केल्यावर एका लयीत टकटक ऐकू येते. इंजिन तापल्यावर ती कमी होते, पण थांबत नाही. ऑइलचा दिवा वेळेवर विझतो. गॅरेजवाले इंजिन उतरवा म्हणतात. त्याआधी घरी काय पाहता येईल?

उत्तर १ :
इंजिन उतरवण्याची घाई कृपया करू नये. या इंजिनात कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडण्यासाठी फिरणारा दांडा) ब्लॉकमध्ये असून पुशरॉड आणि रॉकर (डोलणारी लहान तरफ) यांच्यामार्फत व्हॉल्व्ह उघडतात. कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या (पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) निम्म्या वेगाने फिरत असल्यामुळे टॅपेटचा, म्हणजे या व्हॉल्व्हच्या यंत्रणेचा, आवाज हलका, वरून येणारा आणि तुलनेने संथ असतो. उलट पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा ठोका जड असतो, खालून येतो आणि रेस करून ॲक्सिलरेटर सोडताना अधिक स्पष्ट होतो. टॅपेट कव्हर काढून, इंजिन आयडलवर ठेवून, प्रत्येक रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये फीलर गेजची (फट मोजण्याच्या मापकाची) पाती सरकवून पाहावी. जिथे आवाज दबेल तिथली फट वाढलेली आहे. मात्र आवाज नको म्हणून फट मापापेक्षा कमी ठेवू नये. तसे केल्यास व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि कालांतराने जळतो. शांत इंजिनाच्या हौसेपायी चांगले हेड (इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) वाया गेलेले पाहून फार वाईट वाटते.

उत्तर २ :
थंड असताना जास्त आणि तापल्यावर कमी, या लक्षणामागे एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचे) गळके गॅस्केटही, म्हणजे सांधा बंद ठेवणारी पट्टीही, असू शकते. सांध्याभोवती काजळी दिसते का ते पाहावे. तसेच एकेका प्लगची वायर काढून ती बॉडीला अर्थ (ग्राउंड) करावी. एखाद्या सिलिंडरला ठोका स्पष्टपणे मंदावला, तर संशय त्याच्या पिस्टनवर किंवा रॉडच्या बेअरिंगवर जातो. जड ठोक्यासोबत ऑइलचा दिवा लुकलुकू लागला, तर गाडी क्षणभरही चालवू नये.

प्रश्नकर्ता :
आभारी आहे. प्लगच्या चाचणीत फरक पडला नाही. तिसऱ्या रॉकरपाशी पाती घातल्यावर टकटक थांबली, परंतु गेजने फट मात्र बरोबर दिसते.

उत्तर १ :
मग रॉकरचे टोक झिजून त्याला खळगा पडला असावा. सपाट पाती त्या खळग्यावर आडवी बसते, म्हणून प्रत्यक्षातली जास्तीची फट मोजली जात नाही. रॉकर शाफ्ट उतरवून ते टोक आणि ऑइलची छिद्रे तपासावीत. खळगा उथळ असेल तर टोक घासून घेता येते, खोल असेल तर रॉकर बदलावा. या कामासाठी इंजिन गाडीतून काढावे लागत नाही.