घरात आधी कोणीच डॉक्टर नव्हतं

आई: ही दोन दिवस नीट बोलत नाहीये. म्हणते, मेडिकलच्या वर्गात सगळ्यांना सगळं आधीच येतं, मलाच काही कळत नाही. तू या सगळ्यातून गेलीयेस, जरा बोल गं तिच्याशी.

ताई: मावशी, तिला वाटतंय ते खरंच आहे. ज्यांच्या घरी डॉक्टर असतात त्यांच्या कानावरून हे सगळं लहानपणापासून गेलेलं असतं. वॉर्डात मला पहिल्यांदा रुग्णाची केस सांगायला लावली तेव्हा मी थेट निदानच सांगून टाकलं. आधी मुख्य तक्रार, मग ती कधीपासून, जुने आजार, औषधं, घरच्यांचे आजार आणि मग तपासणी, असा क्रम असतो हे मला माहीतच नव्हतं. त्या रात्री खूप रडले होते.

मामा: हुशार आहे ती. थोडे तास वाढवले की जमेल.

ताई: मामा, तास कमी पडत नाहीयेत. रात्र रात्र बसत असणार ती.

मी: बसते ताई. वाचताना सगळं कळतं. दुसऱ्या दिवशी कोणी विचारलं की काही आठवत नाही.

ताई: मग पुस्तक मिटून लिहून बघ, आणि कोणाला तरी शिकव. क्रेनियल नर्व्हच्या, म्हणजे मेंदूतून थेट निघणाऱ्या मज्जातंतूंच्या, 12 जोड्या मी घोकल्या होत्या. सातवी चेहरा हलवते, एवढं पाठ. मैत्रिणीला शिकवत होते तर तिने विचारलं, मग स्ट्रोकमध्ये, म्हणजे पक्षाघाताच्या झटक्यात, तोंड वाकडं होतं तरी कपाळाला आठ्या कशा पडतात? मला सांगता येईना. मग शोधलं. कपाळाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून आज्ञा येते, म्हणून एका बाजूला स्ट्रोक झाला तरी ते सहसा हलतं. नर्व्हलाच इजा झाली तर त्या बाजूचं कपाळही हलत नाही. आज मी विद्यार्थ्यांना हा भाग तिच्या त्या प्रश्नापासूनच शिकवते.

मी: सरांना विचारायची लाज वाटते. सगळे वळून बघतात.

ताई: मग आधी सीनियरला विचार. मला एकीने तिच्या वह्या दिल्या, व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, कसं बोलायचं तेही सांगितलं. तिच्याही घरी कोणी डॉक्टर नव्हतं. आणि एक लक्षात ठेव. 'बायोप्सी', म्हणजे तपासायला शरीराचा छोटा तुकडा काढणं, हा शब्द कळला नाही तरी रुग्ण नुसती मान डोलावतो. ती मान मला लगेच ओळखू येते, कारण वर्गात मीही तशीच डोलवायचे. मग मी थांबते आणि पुन्हा सांगते.

आई: हे मला पण माहीत नव्हतं गं.

ताई: आज रात्री फोन कर. सातवी नर्व्ह तू मला शिकवायची.

मी: पाचवी चालेल? सातवी अजून वाचायचीये.

ताई: चालेल. पुस्तक मिटून.