लिपोडिस्ट्रॉफीला ‘मेदक्षय’ म्हणावं का?

प्रश्न : एका माहितीपत्रकाचं मराठी करते आहे. लिपोडिस्ट्रॉफी या चरबीच्या आजाराला ‘मेदक्षय’ चालेल का? मूळ ग्रीकमध्ये चरबी, बिघाड आणि पोषण असे तीन तुकडे आहेत, पण ‘मेददुष्पोषण’ काही जिभेवर बसत नाही.

प्रतिसाद : मेदक्षय नको. आयुर्वेदात त्याचा अर्थ आधीच ठरलेला आहे, आणि ‘क्षय’ वाचल्यावर लोकांच्या मनात टीबीच येतो. शिवाय अर्थ अर्धाच राहतो. या आजारात त्वचेखालची चरबी जाते, पण खाल्ल्यातून उरणारी चरबी कुठेतरी साठणारच. ती यकृतात, स्नायूंत जाऊन बसते, रक्तात ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, वाढतात, इन्शुलिनला शरीर दाद देत नाही आणि मधुमेह होतो. वरून माणूस पीळदार दिसतो, हातापायांच्या शिरा उठून दिसतात. भूकही फार लागते, कारण पोट भरल्याची खबर मेंदूला देणारं लेप्टिन चरबीच्या पेशींतच तयार होतं. डनिगन नावाच्या आनुवंशिक प्रकारात तर वयात येताना हातपायांवरची चरबी उतरते आणि चेहऱ्या-मानेवर चढते. याला क्षय कसं म्हणणार?

प्रश्नकर्ती : मग ‘मेदवितरण विकार’?

दुसरा प्रतिसाद : अर्थ बरोबर आहे. फक्त ‘वितरण’ म्हटलं की मला महावितरणचं बिल आठवतं.

तिसरा प्रतिसाद : पत्रक कोणासाठी आहे, तेही बघा. सरकारी केंद्रांतून 2004 पासून एचआयव्हीची औषधं मिळू लागली, तेव्हा त्यांत स्टॅव्युडिन असायचं. त्यानं अनेकांच्या चेहऱ्यावरची चरबी गेली. ते लोक ‘गाल बसले’ एवढंच म्हणायचे, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनी काही विचारू नये म्हणून तोंड लपवायचे. 2009 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ते औषध टप्प्याटप्प्यानं बंद करायला सांगितलं. इन्शुलिन घेणाऱ्यांचं उलटं. एकाच जागी टोचत राहिलं की तिथे चरबीची गाठ होते, तीही याच नावाखाली येते. त्यांना ‘जागा बदलत राहा, गाठीत टोचू नका, तिथून इन्शुलिन नीट शोषलं जात नाही’ असं सांगितलं की पुरे.

पहिला प्रतिसादक : आणखी एक अडचण. आपल्याकडे ‘चरबी’ जास्त झाली तरच बोलतात. ‘चरबी चढली’ म्हणजे माजला. चरबी नसणं ही तक्रार असू शकते, हेच मराठी कानाला पटत नाही. जन्मापासून चरबी नसलेल्या बाळाच्या आईला ‘किती काटक आहे हो’ असंच ऐकावं लागणार. त्या जन्मजात प्रकाराला बेरार्दिनेली-सीप म्हणतात. ब्राझीलमधून 1954 मध्ये आणि नॉर्वेतून 1959 मध्ये त्याची वर्णनं आली. ते नाव तसंच ठेवा.

प्रश्नकर्ती : ठरलं. मथळ्यात ‘लिपोडिस्ट्रॉफी’, खाली ‘चरबी नको तिथे साठण्याचा आणि हवी तिथून जाण्याचा आजार’. लांब आहे, पण संपादकांशी मी भांडेन.