ली-एनफिल्ड नं. ४: काडतूस मध्येच अडकतं

ली-एनफिल्ड रायफल, नं. ४ मार्क १, ०.३०३ इंची. मॅगझिनमध्ये १० काडतुसं भरली की तिसऱ्या-चौथ्याला बोल्ट (काडतूस नळीत ढकलणारा दांडा) पुढे जाताना अडतो. मॅगझिनची स्प्रिंग बदलू का?

> स्प्रिंगला हात लावू नका. या काडतुसाच्या बुडाला कड असते. वरच्याची कड खालच्याच्या कडेमागे राहिली की दोन्ही गुंततात. सुटी भरताना प्रत्येक कड खालच्याच्या पुढे बसवा, नाहीतर ५-५ची चार्जर क्लिप (काडतुसं एकदम भरायची पत्र्याची पट्टी) वापरा.

> डमी (दारू नसलेल्या) काडतुसांनीच तपासा. नीट भरूनही अडली तर मॅगझिनचे ओठ (तोंडाशी आत वळलेला पत्रा) वाकलेत का पाहा. जुन्या ली-एनफिल्ड नं. १चं मॅगझिन तर नाही ना? ते इथे चालत नाही. आणि आत साठवणीचं जुनं ग्रीस घट्ट झालेलं असतं. फॉलोअर (काडतुसं वर ढकलणारी पट्टी) काढून टर्पेंटाइनने धुवा, मग पुसून कोरडं करा.

ग्रीसच निघालं, मधासारखं! फॉलोअर अर्ध्यावरच रुतत होता.

> तरी कडा बघूनच भरा.