कूटप्रश्न सोडवताना गूगल वापरणे हा नियमभंग मानावा काय?

शुद्ध_निषाद :
शास्त्रीय संगीत आणि साहित्य यांवरची कूटे आंतरजालावरच्या मित्रांसोबत सोडवण्याचा छंद अनेकांना आहे, आणि त्यात एक वाद वारंवार उद्भवतो. माझे मत स्पष्ट आहे : कूट सुटेपर्यंत गूगलला हात लावू नये. 'वारा दहा ओळींत थांबला' हे एक कूट घ्या. एकाला वाऱ्याचे पर्याय आठवतात, पवन, समीर, अनिल. दुसरा म्हणतो की सुनीत या काव्यप्रकाराच्या (इंग्रजी सॉनेटच्या) ओळी चौदा असतात, मग दहा ओळींचे काय असावे. तिसऱ्याला 'दशपदी' हा दहा ओळींचा काव्यप्रकार सुचतो, आणि तो रूढ करणारे कवी अनिल, म्हणजे आत्माराम रावजी देशपांडे, हे उत्तर तिघांच्या मिळून हाती लागते. त्याऐवजी कोणी 'दहा ओळींची कविता' एवढे शोधून मिनिटभरात नाव टाकले, तर उत्तर बरोबर येते खरे, पण उरलेल्या सगळ्यांचा विचार अर्ध्यावर तोडला जातो. स्मरण कमी पडले तर पडू द्यावे. चुकीचे तर्क मोकळेपणाने मांडता येतात म्हणूनच तर हा खेळ एकट्याने न खेळता चारचौघांत खेळायचा.

वाचनवेडी :
आपल्या म्हणण्यात मला थोडे सोवळे दिसते. ज्यांच्या घरात लहानपणापासून गाणे होते आणि पुस्तकांचे कपाट होते, त्यांच्याच स्मरणाला आपण बुद्धी म्हणणार, आणि उशिरा या वाटेला लागलेल्याने शोध घेतला की ती लबाडी ठरणार, हे मला न्याय्य वाटत नाही. बंदिशींतल्या मुद्रांचेच, म्हणजे रचनाकाराने आपल्या रचनेत गुंफलेल्या टोपणनावांचेच पाहा. 'सदारंग' म्हणजे मुहम्मदशाह रंगीले यांच्या दरबारातले नियामत खाँ, 'प्रेमपिया' म्हणजे फैयाज खाँ, 'गुणीदास' म्हणजे जगन्नाथबुवा पुरोहित. ही नावे कितीही तर्क केला तरी निघत नाहीत. ती ठाऊक असतात किंवा नसतात. 'गुणीदास' मी शोधूनच काढले, त्या ओघात त्यांचा जोगकंस हा राग ऐकला आणि मग दोन संध्याकाळ दुसरे काही ऐकले नाही. ज्यांना हे उत्तर आधीच पाठ होते, त्यांनी त्या दिवशी काय मिळवले?

कूटकार :
मी स्वतः कूटे रचतो, म्हणून दोघांनाही नम्रपणे सांगतो की आपण सोडवणाऱ्यांवर वाद घालत आहात आणि रचणारा मात्र मोकळा सुटला आहे. 'गुणीदास कोण?' हा माहितीचा प्रश्न झाला, त्याला कूट म्हणू नये. कुटात प्रत्येक शब्दाला काम असले पाहिजे, आणि उत्तर कळल्यावर ते पुन्हा वाचले असता एकही शब्द फुकट गेलेला दिसता कामा नये. माझे एक कूट असे होते : 'तिघे गंधर्व कधी मोठे झालेच नाहीत, चौथा मात्र मापापेक्षा पावपट अधिक भरला.' बाल, छोटा आणि कुमार हे तिघे, आणि चौथे सवाई. ही चारही नावे शोधून सापडतील, पण त्यांना एका वाक्यात बांधणारी गाठ कुठेही आयती मिळत नाही.

याहून साधे कूट मी ध्वनिफितीवर दिले होते. पेटीवर मध्यम, गंधार आणि धैवत एवढेच तीन स्वर वाजवले आणि विचारले, 'हे प्राचीन राज्य कोणते?' सगळे राग शोधत बसले. उत्तर होते म-ग-ध, मगध!

आपल्याकडे ही परंपरा नवी नाही. कर्नाटक संगीतातल्या ७२ मेळकर्त्यांची, म्हणजे मूळ स्वरमेळांची, नावेच कटपयादी पद्धतीने (जिच्यात प्रत्येक व्यंजनाला एक अंक ठरलेला असतो) बांधलेली आहेत : पहिल्या दोन अक्षरांचे अंक काढून ते उलटे वाचले की मेळाचा क्रमांक मिळतो. 'धीरशंकराभरण' यात ध म्हणजे ९ आणि र म्हणजे २, म्हणून मेळ २९. 'मेचकल्याणी' यात म म्हणजे ५ आणि च म्हणजे ६, म्हणून मेळ ६५. शंकराभरण आणि कल्याणी ही नावे आधीची. 'धीर' आणि 'मेच' ही अक्षरे हिशेब जुळावा म्हणून पुढे जोडलेली आहेत. ज्यांनी हे केले त्यांना मी माझ्या धंद्यातलेच समजतो.

मंद्र_सप्तक :
कूटकारांचे कौशल्य मान्य करूनही विचारतो, यात संगीत कुठे आहे? मगध हे उत्तर काढायला स्वर ओळखता यावे लागतात, याहून अधिक काही लागत नाही. भूप आणि देशकार यांचे पाच स्वर तेच, पण भूप गंधारावर विसावतो आणि देशकार धैवताला धरून उत्तरांगात, म्हणजे सप्तकाच्या वरच्या भागात राहतो. मारवा, पूरिया आणि सोहनी यांचे सहा स्वर तेच. तरी कोमल ऋषभ आणि धैवत यांवर झुलणारा मारवा, मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, गंधार-निषादाने रमणारा पूरिया आणि तार षड्जाकडे, म्हणजे वरच्या सप्तकातल्या 'सा'कडे, झेपावणारी सोहनी यांत जाणकाराचा कान क्षणभरही गोंधळत नाही. हा फरक कुठल्याही शब्दकुटात मावणार नाही. नावांच्या कसरती करून आपण संगीताचे रसिक झालो असे समजणे, हाच या छंदाचा खरा धोका आहे, आणि त्यापुढे गूगलचा वाद मला किरकोळ वाटतो.

वाचनवेडी :
मंद्र_सप्तक, हा दावा येथे कोणी केलेलाच नाही. कूट सोडवल्याने कान तयार होत नाही, हे खरे. पण व्याकरण शिकल्याने तरी कोण कवी झाले आहे? मारवा आणि सोहनी यांचे आपण केलेले हे वर्णन वाचून कोणी ते दोन राग पाठोपाठ लावून ऐकले, तर तेही शब्दांमुळेच घडलेले असेल.

शुद्ध_निषाद :
कूटकारांचा मुद्दा मला निम्मा पटतो. गाठ पक्की असेल तर शोधाने फारसे बिघडत नाही, परंतु प्रत्येक रचणारा इतका कसबी नसतो, आणि कच्च्या कुटाला वाचवायचे तर सोडवणाऱ्यांनीच संयम पाळावा लागतो. म्हणून सुचवतो की कूट दिल्यापासून पहिला दिवस केवळ स्मरण आणि तर्क यांसाठी राखावा, आणि त्यानंतर ज्याला हवे त्याने शोधावे.

वाचनवेडी :
पहिला दिवस कोणाचा? आपल्यातले काही जण इतक्या लांबच्या देशांत आहेत की आपण झोपतो तेव्हा ते उठतात. त्यांची सकाळ होईपर्यंत आपल्या पाठांतरवाल्यांनी कूट फोडून, वर त्याचे स्पष्टीकरणही लिहून ठेवलेले असते. शोधावर बंदी घालायची असेल, तर उत्तर उघड लिहिण्यावरही तेवढ्याच वेळाची बंदी घाला. मग मी विचार करीन.

कूटकार :
उत्तरे थेट मलाच कळवावीत, मी दुसऱ्या दिवशी ती सगळी एकत्र मांडीन. चुकीची उत्तरेसुद्धा, कारण मगधाच्या वेळी आलेली चुकीची उत्तरे माझ्या कुटापेक्षा सरस होती.